सात नंबरचा फोटो

नेवाशात आमच्या शेजारी राहणारे रंगनाथतात्या चाळीस वर्षं डेअरीत दुधाचं फॅट काढायचे आणि उरलेल्या वेळात माणसांचे फोटो. दोन्हीकडं नजर एकच, समोरच्यानं पाणी घातलेलंच असणार. कुणी कॅमेऱ्याकडं बघून हसलं की म्हणायचे, "दात आत घे. चहा पी. मी हितं न्हाईच, असं समज." मग आपण खरंच विसरलो की खटका वाजायचा.

त्यामुळं त्यांच्या ट्रंकेत एकही धड पोज नाही. पापड लाटता लाटता भांडणाऱ्या जावा आहेत, एकाच टॉवेलला डोकी पुसणारे भाऊ आहेत. माझा शेंबडासकट आहे. तो माझ्या लग्नात मोठा करून लावायची धमकी अजून चालू असते.

जुने कॅमेरे सात-आठ, पण जीव एका क्लिक थ्रीवर. त्यात दर फोटोनंतर हातानं रोल पुढं फिरवायचा आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. विसरलात, तर दुसरा फोटो पहिल्यावरच बसतो. तात्या कधीच विसरले नाहीत, कारण ते काम त्यांचं नव्हतंच. खटका दाबला की मागं न बघता ते कॅमेरा पाठीमागं धरायचे. "फिरव." मागं गोजराकाकू उभ्या. त्या पिठाचा हात पदराला पुसून खुंटी फिरवायच्या. "सहा आलं. आता तरी जेवा."

बेचाळीस वर्षं त्या अशा मागंच राहिल्या. गेल्या वर्षी हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापात काकू गेल्या. यंदा वर्षश्राद्ध जवळ आलं, भिंतीत खिळा ठोकून झाला, आणि लक्षात आलं की हार घालायला फोटोच नाही. तात्यांच्या हजारभर फोटोंत काकूंचे हात होते. पोराला मागून कमरेला धरलेले, परात पुढं सरकवणारे, एका ठिकाणी तर माझा कान पिळणारे. तोंड कुठंच नाही. मुलाच्या, हर्षलच्या मोबाईलमध्ये सगळीकडं पदर आडवा. राहिलं आधार कार्ड. ते मोठं करून आणलं तर निकितावहिनीनं, म्हणजे हर्षलच्या बायकोनं, बघून ते पालथंच ठेवलं. काकू स्वतःच त्या फोटोला म्हणायच्या, "ही कुनाची कोंबडी चोरताना घावली?"

"एक हाय," तात्या म्हणाले. "जायच्या पंधरा दिस आधी काढलेला. तिनंच सांगितलं, आज माझा काढा. हितं हाय, आत." क्लिक थ्रीमध्ये. काकू गेल्यापासून तो रोल कुणी बाहेर काढला नव्हता.

मग लाल खिडकीत बघून ते पुटपुटले, "सात." आणि खाटेवर बसले. "तिचा काढला तवाबी सातच हुतं."

त्या दिवशी काकू कॅमेऱ्यासमोर होत्या. मागं कोण होतं फिरवायला?

निकितावहिनीचा चेहरा उतरला. मध्ये एकदा तात्यांनी कॅमेरा हातात घेतला होता. सहा महिन्यांची नात छकुली उंबऱ्यात बसली होती, मागं घरातला काळोख. काकूंनी ती पाहिलीच नाही, छकुली नंतरची. खटका दाबून तात्यांनी कॅमेरा मागं धरला आणि म्हणाले, "फिरव." मागं भिंत होती. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, असं वहिनीनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी हसलो होतो.

तात्यांनी मोरीत अंधार करून रोल धुतला. वाळल्यावर खिडकीशी धरला, मी मोबाईलवर काळ्याचं पांढरं केलं. सातव्या चौकोनात उंबऱ्यावर छकुली होती, आणि तिच्या मागच्या काळोखात काकू. पूर्ण तोंडासकट. मान किंचित खाली, नजर बरोबर छकुलीवर.

"मला म्हनत हुती, फिरवायचं इसरू नका," तात्या म्हणाले. "कॅमेऱ्याच्या खुंटीकडं बघत हुती."

मी चेष्टा करायला गेलो, जमलं नाही.

"पण तात्या," वहिनी हळूच म्हणाली, "यात छकुली आहे. जित्या लेकराच्या फोटोला हार कसा घालायचा?"

हर्षल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "मग छकुलीला कापून टाकू. दोन मिनिटांचं काम."

वहिनीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मोबाईल खिशात घातला. तात्यांनी मात्र माझ्या मोबाईलवर अंगठा ठेवून छकुलीला झाकलं. काकू एकदम काहीतरी हरवल्यासारख्या जमिनीकडं बघायला लागल्या. त्यांनी अंगठा उचलला.

"ऱ्हाऊ दे. लई दिसांनी घावलंय तिला."

श्राद्धाला खिळा मोकळाच राहिला. फोटो पाळण्याच्या वर लागला, बिनहाराचा. पाहुणे येता-जाता विचारत होते, "ही पोरीपाशी बसलेली कोण?" आणि कळल्यावर पाळण्यापासून जरा लांब सरकत होते.

पंगतीत मी जिलबी तोंडात घातली आणि खटका वाजला. तात्यांनी नवा रोल घातलेला कॅमेरा मागं धरला. मी वहिनीकडं बघितलं, वहिनीनं माझ्याकडं. उठायची हिंमत कुणालाच झाली नाही. थोड्या वेळानं त्यांनीच हात पुढं घेतला, खुंटी फिरवली, खिडकीत वाकून बघितलं.

"दोन आलं. आता तरी जेवा," ते म्हणाले. हुबेहूब काकूंच्या सुरात.

मग आपल्या आवाजात, "व्हय, आलो," म्हणत पानावर बसले.