डावा पुढचा कोपरा

पाणसळमामांना वस्तीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. पोलादाच्या कारखान्यात ते फिटर. नवं यंत्र आलं की त्याच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवून ते समतल बसवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी पाणसळ कायम खिशात. नळीतला बुडबुडा मधोमध आला की मामांचा जीव भांड्यात पडायचा. ही खोड घरीही आली. जेवणाचं टेबल, भिंतीवरचा क्रूस, पाहुण्यांची खुर्ची, तीही पाहुणे बसलेले असताना, सगळं तपासून झालं होतं.

"मी जरा आडवी झाले की माझ्यावरही ठेवतील," मामी म्हणायच्या.

मामी मामांपेक्षा चांगल्या वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत मामा पायरीवर उभे आहेत आणि पायरी दिसू नये म्हणून पुढे फुलांची कुंडी ठेवली आहे. तो विषय घरात निघत नसे.

वस्ती सगळी एकाच गावची. गाव समुद्रापलीकडे राहिलं, माणसं भट्ट्यांच्या धुरात येऊन पडली. पण येताना गावचे संत, प्लास्टरचे का होईना, बरोबर घेऊन आली. वर्षातून एकदा संतबाबा लाकडी मखरात उभे राहून, चार माणसांच्या खांद्यांवरून, चर्चपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत जायचे. मखराचे चार कोपरे चार घरांचे. नियम एकच. वाटेत खांदा काढायचा तर त्याच घरातल्या कुणीतरी तो घ्यायचा. कोपरा रिकामा राहिला की दुसऱ्या घराकडे गेला, कायमचा.

डावा पुढचा कोपरा मामांचा. बोटीतून उतरताना तो त्यांच्या वडिलांनी धरला होता. मामांना मूलबाळ नव्हतं. बेकरीवाल्याला मात्र चार जावई होते, चारही बांबूसारखे, आणि कोपरा एकही नव्हता.

वय झालं तसे मामा उंचीने आखडले. संतबाबा डावीकडे कलायला लागले, मामांच्या कानात काहीतरी खाजगी सांगायचं असल्यासारखे. लोक हसू दाबायचे. जन्मभर दुसऱ्यांचे उतार काढलेल्या माणसाच्या खांद्यावर उतार! मामांना अन्न गोड लागेना. खांद्यावरची उशी जाड करून पाहिली, ती पहिल्याच वळणाला दबली. शेवटी फादरनीच सुचवलं, "मामा, यंदा मेणबत्ती घेऊन मागून चला की."

"मेणबत्ती माझ्या शवपेटीपुढे धरा, फादर," मामा म्हणाले आणि तडक घरी आले.

मग जे यंत्रांना करत आले तेच त्यांनी स्वतःला केलं. दोन्ही बुटांच्या तळाला पत्र्याचे तुकडे, एकावर एक, स्क्रूने पक्के. मामींनी पाहिलं. उशीत तेवढा नवा कापूस भरून दिला.

मिरवणूक निघाली. बँडवाल्यांकडे झांजांचा एकच जोड होता, पण ऐकू दोन येत होते. मामांना त्याचं काय! वर संतबाबा ताठ उभे होते. खालून चालणाऱ्या बेकरीवाल्याकडे मामांनी असं पाहिलं की त्याने नजर दुसरीकडे वळवली.

कारखान्याच्या मालगाडीचे रूळ रस्त्याला आडवे जातात, तिथे घात झाला. उजव्या बुटाचे पत्रे रुळाच्या खाचेत अडकले, मामांनी पाय उचलला आणि नुसता मोजा वर आला. एक पाय वर, एक पाय खाली. संतबाबा भलतेच वाकले. बँड थांबला.

"मामा, सोडा! जावई तयार आहे!" बेकरीवाला ओरडला. थोरल्या जावयाने बाह्या केव्हाच सरसावल्या होत्या.

मामांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बापाचा कोपरा आपल्या हातून जाणार, तोही सगळ्या वस्तीदेखत. त्यांचे डोळे भरून आले, पण दांडा सुटेना.

मागे बायकांच्या रांगेतून मामी पुढे आल्या. हातातली मेणबत्ती त्यांनी वाटेत बेकरीवाल्याच्याच हातात दिली.

"अहो, सरका."

"अगं, तू? बाईमाणसाने कधी..."

"हे नियमात बसत नाही!" बेकरीवाला म्हणाला.

"नियम घरातल्यांचा आहे ना? मग मी काय शेजारीण आहे?" म्हणत मामींनी दांड्याखाली खांदा घातलासुद्धा. संतबाबा हळूच वर आले. सगळ्यांनी फादरकडे पाहिलं. फादरनी संतबाबांकडे.

"त्यांची काही हरकत दिसत नाही," फादर म्हणाले.

मामा एका बुटावर बाजूला उभे. लाज वाटत होती, जीव हलका झाला होता, आणि कशाला आधी तोंड द्यावं ते कळत नव्हतं. हात सवयीने खिशात गेला. एवढ्या वर्षांत मखराला पाणसळ लावायची त्यांची हिंमत झाली नव्हती. आता टाचा उंचावून त्यांनी ती मखराच्या कडेवर टेकवली. बुडबुडा मधोमध. जराही हलेना.

मग त्यांना आपल्या खांद्यावरची उशी आठवली. ती सोडून त्यांनी मामींच्या दांड्याखाली सरकवली.

"टोचत असेल गं."

"आता बोलू नका, चला."

बँड पुन्हा सुरू झाला. फाटकापर्यंत मामा एका बुटाने लंगडत मामींच्या शेजारून चालले आणि वाटेत जो भेटेल त्याला, न विचारता, सांगत राहिले, "बघितलंत? आमची उंच आहे!"