धायटीचा अर्क आणि आत्याचा गुडघा

आधी एक कबूल करा. हे ऐकल्यावर देवासला कुणाला काही कळवायचं नाही. आत्या आता नाही, पण तिच्या भजनी मंडळातल्या दोघी अजून आहेत, आणि त्या मला आजही मोठा शास्त्रज्ञ समजतात. जगात तेवढ्या दोघीच उरल्यात. त्या तरी राहू द्या!

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. मी धारच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि जोडीला पीएच.डी. चालू होती. म्हणजे, चालू आहे असं घरी सांगितलेलं होतं. मार्गदर्शक दिघे सर. त्यांनी विषय दिला, धायटीच्या फुलांचे औषधी गुणधर्म.

धायटी म्हणजे डोंगरउतारावरचं साधं झुडूप. उंची माणसाएवढी. फाल्गुनाच्या सुमारास लालभडक फुलांनी असं भरतं की पेटलंय की काय वाटावं. आमच्या भागात हिंदीत त्याला धवई म्हणतात.

सर म्हणाले, "श्रीधर, जुन्या वैद्यकात हे फूल जिकडेतिकडे येतं. कितीतरी औषधांत घालतात. का घालतात, ते शोधून काढ."

आता का घालतात हे शोधायचा सोपा मार्ग कोणता? एखाद्या वैद्याला विचारणं. पण मी एम.एस्सी. झालेलो होतो. मी कसा विचारणार?

फुलं आणून दिली आमच्या प्रयोगशाळेतल्या गंगारामनं. गंगाराम डही गावाकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. होळीच्या आधी गावी गेला आणि पोतंभर फुलं घेऊन आला. मी ती गार पाण्यात भिजवली, पाणी गाळलं आणि पांढऱ्या उंदरांना पाजायला घेतलं. उंदरांनी थुंकलं. एकानं माझ्या बोटालाही प्रसाद दिला. पाणी इतकं तुरट होतं की त्यांचा दोष नव्हता.

मग मला युक्ती सुचली. आई आम्हाला कडू औषध कसं द्यायची? गुळातून! मी एका मोठ्या काचेच्या बरणीत फुलं घातली, पाणी घातलं, वर सढळ हातानं गूळ घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवून दिली. तेवढ्यात होळीची सुटी लागली. मी देवासला आत्याकडे गेलो. माळव्यात होळीला गेलेला माणूस रंगपंचमी झाल्याशिवाय परत येतो का? त्यात मला ताप आला. परत आलो तो बाराव्या दिवशी.

बरणीत बुडबुडे येत होते. वास गोडसर, जरा आंबूस. वहीत मी लिहिलं, 'सुगंध फळासारखा.'

गंगारामनं बरणीत डोकावून पाहिलं, एकदा हुंगलं आणि म्हणाला, "साब, ये तो पक गई।"

"हां, अर्क पूरा उतर गया," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आदरानं बघतोय.

मला तपासायचं होतं ते हे फूल वेदना शमवतं का. त्याची चाचणी सोपी असते. पत्रा सोसवेल इतका तापवायचा, त्यावर उंदीर ठेवायचा आणि तो किती सेकंदांनी पाय चाटतो ते मोजायचं. चाटला की लगेच उचलायचा. सहा उंदरांना अर्क पाजला, सहांना नुसतं साधं पाणी. पाणीवाल्यांनी पत्र्यावर पाय ठेवताच चाटायला सुरुवात केली.

अर्कवाले मात्र स्थितप्रज्ञ! पहिला तसाच उभा राहिला. दुसरा बसला. तिसरा माझ्याकडे बघत बघत आडवा झाला. मलाच घाईघाईनं उचलावं लागलं. पिंजऱ्यात ठेवल्यावर सहाही जण एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून झोपले.

मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं. वेदनाशामक! शिवाय निद्राकारक! आणि उंदीर दुसऱ्या दिवशी ठणठणीत, जरा उशिरा उठले इतकंच.

त्याच आठवड्यात माझी अक्कलदाढ ठणकत होती. म्हटलं, विज्ञानासाठी. अर्धा पेला घेतला. दाढ थांबली. दाढच काय, दिघे सरांबद्दल मनात जे काही होतं तेही गेलं. त्या दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन त्यांना सांगितलं की ते मला वडिलांसारखे आहेत. सर जरा गोंधळले, पण त्यांना बरं वाटलं असावं.

एक बारीक अडचण होती. बरणीतली पातळी रोज बोट-दोन बोटं उतरायची. मी वहीत कारण लिहिलं, 'बाष्पीभवन.' गंगाराम हल्ली काम करताना गुणगुणायचा. त्याचं कारण मी लिहिलं नाही, कारण तो माझ्या संशोधनाचा भाग नव्हता.

आणि मग मी ते केलं. एक बाटली आत्याला पाठवली.

आत्या कोण, हे सांगायलाच हवं. देवासला टेकडीच्या पायथ्याशी राहायची, एकटीच. सोवळं इतकं कडक की बाजारचं बिस्कीटसुद्धा घरात आणू द्यायची नाही. आयुष्यातलं एकच दुःख होतं, गुडघा. दोन वर्षं टेकडी चढून देवीला जाता आलं नव्हतं. होळीला मी तिथे होतो तेव्हा खिडकीतून टेकडीकडे बघत म्हणाली होती, "श्रीधरा, आता आईनंच खाली यावं." मला फार लागलं होतं ते. म्हणून बाटली. ओळखीच्या माणसाबरोबर बसनं पाठवली, चिठ्ठी लावली, 'सकाळ-संध्याकाळ दोन चमचे.'

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं.

'चि. श्रीधरास अनेक आशीर्वाद. औषध रामबाण आहे. चमच्यानं मोजत बसायला मला वेळ नाही, फुलपात्रानं घेते. काल टेकडी चढून आले. उतरताना तर पायांत पाय नव्हते, नुसती तरंगत आले. आणखी पाठवणे.'

मी पाठवलं. त्याच पद्धतीनं, बारा दिवस खिडकीत ठेवून. त्याला मी आता 'परिपक्वता-काल' म्हणू लागलो होतो. दुसरं पोस्टकार्ड आलं.

'भजनी मंडळातल्या चौघींना दिलं. सगळ्यांना गुण आला. शुक्रवारी भजन साडेचार तास चाललं. आरती दोनदा झाली. शेजारच्या भैयांनी येऊन विचारलं की आज काय आहे. त्यांना आत बसवून टाळ दिले.'

ही दोन्ही पत्रं मी प्रबंधात 'मानवी निरीक्षणे' म्हणून चिकटवली.

दिघे सर खूश! त्यांनी कॉलेजात माझं व्याख्यान ठेवलं. प्राचार्य आले, सगळे प्राध्यापक आले. शोभा म्हणून सरांनी अमझेऱ्याहून एका वृद्ध वैद्यबुवांनाही बोलावलं. मराठी दरबाराबरोबर माळव्यात आलेल्या जुन्या घराण्यातले, पगडी अन् उपरणं, बोलणंही जुन्या वळणाचं. पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. मी पाऊण तास बोललो. तक्ते दाखवले. आत्याचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या.

वैद्यबुवांनी डोळे उघडले.

"एक विचारावयाचे होते. आपण यात गूळ घातला होतात काय?"

"हो. चवीसाठी."

"आणि किती दिवस ठेवलेत?"

"बारा."

"उन्हाजवळ?"

"खिडकीत."

वैद्यबुवांनी मान हलवली. अगदी मायेनं. "अहो, धायटीचे फूल आम्ही आसवात घालतो ते आसव आंबावे म्हणून. फुलातच ते किण्व, म्हणजे आंबवणारे विरजण, असते. आपण औषध नाही शोधलेत, बाळ. आपण दारू गाळायच्या अलीकडच्या पायरीवर आहात."

दाराशी उभा असलेला गंगाराम खोकला.

"मग ते उंदीर...?" प्राचार्यांनी विचारलं.

"झिंगले होते," वैद्यबुवा म्हणाले.

दिघे सर उठले. "चहा घेऊ या," इतकंच म्हणाले. चहा पिताना ते माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांसारखे तर मुळीच नाहीत.

मी बाहेर येऊन गंगारामला गाठलं. "गंगाराम, तुमको मालूम था?"

"साब, हमने तो पहले ही दिन बोला था, पक गई। आप बोले, हां। हम समझे, आपको मालूम है।"



पुढचे दोन महिने मी ताजी फुलं नसताना सुकवलेल्या फुलांवर प्रामाणिकपणे काम केलं. गूळ नाही, खिडकी नाही. अर्क रोजच्या रोज ताजा. उंदीर पत्र्यावर पाय ठेवताच चाटायचे, अगदी पाणीवाल्यांसारखे. वेदनेच्या बाबतीत माझ्या अर्काचा गुण शून्य होता. सरांनी तेही मला प्रबंधात लिहायला लावलं.

पण खरा घोर आत्याचा होता. तिला सांगायचं कसं? सगळा जन्म सोवळ्यात काढलेली बाई, आणि भाच्यानं तिला फुलपात्रानं हे पाजलं! चार भजनकरणींसकट! दोनदा देवासच्या बसमध्ये बसलो आणि वाटेतच इंदूरला उतरून परत आलो. शेवटी ठरवलं, सांगायचंच नाही. तिसरी बाटली मी स्वच्छ, ताज्या, शास्त्रशुद्ध अर्काची भरली. न आंबवलेल्या. पापक्षालन म्हणून.

आठवड्यात पोस्टकार्ड आलं.

'चि. श्रीधरास आशीर्वाद. या खेपेचं औषध साफ फसलं आहे. गुडघा धरला, भजन तासाभरात आटोपलं. पहिल्या दोन बाटल्या ज्यानं केल्या त्यालाच करायला सांगावं. तू स्वतः हात लावू नयेस.'