आईचं कोपर
बाबांच्या मशीनचा मास्क सकाळी धुताना ओल्या रबराचा वास येतो आणि मला पोशेरा गावच्या आमच्या घरी झालेली झोपेची तपासणी आठवते. बाबांचा श्वास घोरता घोरता मध्येच थांबायचा, म्हणून जव्हारच्या डॉक्टरांनी छातीचा पट्टा, नाकाची नळी आणि बोटाला लावायची क्लिप असलेलं यंत्र दिलं होतं. हे सगळं लावून एक रात्र घरी झोपायचं होतं. दुसऱ्या दिवशी यंत्र परत नेलं, तर डॉक्टर म्हणाले, "यात तर श्वास थांबलेला दिसत नाही." बाबा खूश झाले. आई म्हणाली, "दिसंल कसा? थांबला का मी कोपर मारते." "रात्रभर?" डॉक्टरांनी विचारलं. "रोजच. नाय मारलं आन् उठलेच नाय तं?" डॉक्टरांनी यंत्र पुन्हा दिलं आणि त्या रात्री आईला मावशीकडे झोपायला सांगितलं. "मंग ह्यांना उठवील कोण?" असं ती विचारत राहिली, मी उशाशी जागा बसेन म्हटल्यावरच गेली. या वेळी आजार सापडला आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं हे मशीन घरी आलं. त्यानंतर एका सकाळी आई पहिल्यांदाच उन्हं अंगणात आल्यावर उठली. आम्ही चहाची वाट बघत बसलेले दिसताच ती लाजली आणि घाईने चुलीपाशी गेली. आई जाऊन आता चार महिने झाले. त्या सकाळी चूल मी पेटवायला हवी होती, असं मास्क वाळत घालताना रोज वाटतं.