प्रभाचं मटण-गुळांबा सँडविच

संघमित्राचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. "मोठी आजी, आजी उठंना गेली..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अगं हलव तिला, तोंडावर पाणी मार." तर पोरगी शांतपणे म्हणाली, "मी नाडी बघितली, मोठी आजी." नाडी कशी बघायची ते तिला तिच्या आजीनंच शिकवलं होतं.

प्रभा माझी धाकटी जाऊ. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, शेवटची काही वर्षं लोह्याला. मी शाळेत गेले नाही म्हटलं तरी चालेल. तिनं घरी आणलेल्या औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकले, तीही पोळी उलटता उलटता "हे काय आहे सांगा अक्का?" म्हणून विचारायची. तेव्हा या लिहिण्यात काही चुकलं असेल तर थोडा दोष तिला द्या, तिला चालेल. आता तिला जाऊन महिना होऊन गेला. जलदानविधीला आलेली माणसं नर्सबाईंची आठवण काढून डोळे पुसत होती. मी पण पुसले. पण मला तिच्याबद्दल रडून सांगायचं नाही, मिरवून सांगायचं आहे. आणि तिच्या नोकरीचं तर नाहीच, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचं आहे तिनं म्हातारपणी लातूरला केलेल्या सँडविचचं.

संघमित्रा, आमची मित्रा, ही प्रभाची नात. मुलगा-सून नोकरीपायी लांब, म्हणून ही आजीकडंच वाढली. बारावीला तिला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं, तिथं एका घरी खोली घेतली. सुट्टीत आली तर गालफडं बसलेली. प्रभानं लाडानं मटणाचं वाळवण करून दिलं. आमच्या घरची ती रीतच आहे. मटणाच्या पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि कडक उन्हात दोरीवर वाळवायच्या, मग त्या महिनोन्‌महिने टिकतात. डबा भरून दिला. पुढच्या सुट्टीत प्रभानं विचारलं, "डबा कुठाय ग?" पोरगी रडायलाच लागली. घरमालकानं पहिल्याच दिवशी मांसमच्छी खाणाऱ्यांना खोली नाही म्हणून सांगितलेलं, तिनं घाबरून "आम्ही खात नाही" म्हणून टाकलेलं. तो डबा तिनं एसटीत सीटखालीच सोडला होता.

प्रभा चिडली नाही. पोरीचे डोळे पदरानं पुसले. मग म्हणाली, "मटणाचं मला काही न्हाई. पण तू खोटं बोलून तिथं रोज जेवून राहिलीस, ते कसं उतरत असंल ग घशाखाली?" मित्रा म्हणाली, "मला नाही जायचं परत." तेव्हा आमच्यापुढं प्रश्न उभा राहिला तो हाच. पोरीनं शिक्षण सोडून घरी बसायचं का मान खाली घालून लातूरला राहायचं. प्रभाला दोन्ही नको होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पातळं बॅगेत भरली, मला म्हणाली, "अक्का, तुम्ही पण चला. एकटी बाई बघितली की लोक दार लवकर लावतात."

लातूरात आम्ही दोघी म्हाताऱ्या आणि मधे ती पोरगी, अशी वरात दारोदार. दार उघडलं की माणसं भाडं, पाणी, लाइट असं सांगायला लागायची. प्रभा त्यांना थांबवायची. "ते नंतर. आम्ही मटण खातो, अंडी खातो, घरात शिजवतो. आता खोली दाखवा." मी मागून तिचा पदर ओढायची, "अगं आत तरी जाऊ दे, मग सांग!" ती म्हणायची, "आत जाऊन सांगितलं तर ते फसवणं झालं, अक्का." कुणी म्हणालं खोली कालच गेली, कुणी म्हणालं भाऊ येणार आहे राहायला. एकानं तर आडनाव विचारून सरळ दारच लोटलं. सहा घरं झाली. मित्रा रस्त्यात म्हणाली, "आजी, एकदा खोटं बोल ना ग." प्रभानं तिला उसाचा रस पाजला आणि सातव्या घराची घंटी वाजवली.

ते घर एका बाईंचं होतं. मुरुडच्या शेतकरी घरातल्या, मुलांच्या शिक्षणासाठी लातूरला घर बांधून राहिलेल्या. स्वतः अंडंसुद्धा न खाणाऱ्या. प्रभाचं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वास येईल की खाली?" प्रभा म्हणाली, "हाव, येईल. चांगला वास येतो आमच्या मटणाचा." बाई फस्सकन हसल्या. "तुम्ही तर लई सरळ बोलता बाई. या वर, जिना जपून चढा." ...तर अशी खोली मिळाली, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्याही पोरीबरोबर तिथंच राहिलो.

आता सँडविच. क्लास सकाळपासून, मधे घटकाभर सुट्टी. भाकरी-रस्सा खायला बसायला वेळ कुठला? मित्रानं मोबाइलवर दाखवलं, परदेशात म्हणे ब्रेडमध्ये मटण आणि चीज घालतात, वर मुरांब्यासारखं गोड लावतात, अंड्यात बुडवून भाजतात. एका हातात धरून खाल्लं की पोट संध्याकाळपर्यंत गप्प. प्रभा म्हणाली, "मटणाला मुरांबा? त्यांना कुणी शिकवलं नसंल स्वैपाकाचं." आणि गोड गाळून बाकी सगळं केलं. खोलीत फ्रिज नव्हता, म्हणून मटण आमचं वाळवलेलंच घेतलं. पण वाळवणात मीठ किती असतं! आणि चीज खारट असतं हे आम्हाला कुठं माहीत? पांढरंपिवळं दिसतंय, म्हणजे खव्याचाच भाऊ असेल, असं आम्ही धरून चाललो. प्रभानं तर वरून चिमूटभर मीठही टाकलं! पोरीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "आजी... समुद्र खाल्ल्यासारखं लागतंय."

"तू कधी बघितला ग समुद्र?"

"आत्ताच."

आम्ही तिघी इतक्या हसलो की खालून बाईंनी हाक मारली, "काय झालं हो?" मग प्रभानं गुपचूप माझी गुळांब्याची बरणी पुढं ओढली. भोकर गावच्या आमच्या झाडांच्या कैऱ्या, किसून गुळात शिजवलेल्या. त्याचा पातळ हात तिनं ब्रेडला फिरवला. खाऊन बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, ती परदेशातली माणसं शहाणी निघाली." खारट, आंबट, गोड आणि मागून मटणाचा तिखटपणा... मी सत्तरीला आलेली बाई, असं काही तोंडात पहिल्यांदाच आलं.

तिची पुढं रीत बसली ती लिहून ठेवते, कारण लोक विचारतात. वाळवण रात्रभर पाण्यात, पाणी दोनदा बदलायचं. सकाळी शिजवून खलबत्त्यात कुटून त्याच्या तारा करायच्या, कांदा-लसूण आणि काळ्या मसाल्यात परतायच्या. मीठ नाही म्हणजे नाही. एका ब्रेडला गुळांबा, त्यावर मटण, त्यावर चीज, मग दुसरा ब्रेड. दुधात फेटलेल्या अंड्यात दोन्ही अंगांनी बुडवायचं आणि बारीक गॅसवर तुपात सोडायचं. वर ताटली, ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या. त्या तांब्याच्या वजनानं कडा अशा चिकटतात की पोरगी पळत पळत खाते, तरी एक तार खाली पडत नाही.

खालच्या बाई कधी चटणी, कधी धपाटी वर पाठवायच्या. रिकामी वाटी परत द्यायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून प्रभा वाटीत पेरू नाहीतर बोरं घालून द्यायची. शिजवलेलं काही नाही, त्यांना अडचण नको म्हणून. असे किती महिने गेले. एका सकाळी बाई स्वतःच जिना चढून वर आल्या. मला वाटलं, वासानं बेजार झाल्या असतील. तर म्हणाल्या, "नर्सबाई, रोज वास घेऊन राहिले मी. मटण नको, अंडं नको. नुसता गुळांबा आणि ते चीज घालून एक देता का?"

प्रभा तव्याकडं बघून म्हणाली, "दुसरा तवा आणते खालून."

बाई म्हणाल्या, "हा घासलाय न्हवं?"

"घासलाय."

"मग?"

प्रभानं त्यांना गरम सँडविच करून दिलं. तिथंच फरशीवर बसून खाल्लं त्यांनी. मी जन्मभरात किती उंबरठ्यांच्या बाहेर पाणी प्यायले ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझी जाऊ तव्यापाशी उभी होती, तिचं तोंड मी अजून विसरले नाही.

मित्रा डॉक्टर झाली नाही. तिचा नंबर नांदेडला नर्सिंगला लागला. कुणीतरी हळहळ दाखवली तर प्रभा म्हणाली, "दवाखान्यात पडलात की कळंल, रात्रंदिन जवळ कोण असतं ते." गल्लीत पेढे वाटले तिनं. खोलीतलं सामान पुढच्या आठवड्यात आणू म्हणून मी गावी आले, त्या दोघी नांदेडला गेल्या... आणि तो आठवडा तिला मिळाला नाही.

परवा मी आणि मित्रा ते सामान आणायला गेलो. पिशवी भरत होतो तेवढ्यात बाई एक बाप आणि मुलगी घेऊन वर आल्या, खोली दाखवायला. लोह्याकडची माणसं. आत पाऊल टाकताच, कुणी काही विचारलंही नव्हतं तरी, मुलगी खाली बघून म्हणाली, "आम्ही न्हाई खात काही तसलं." बाप भिंतीकडं बघायला लागला. मित्राच्या हातात साड्या होत्या. ती म्हणाली, "मी पण पहिल्या खोलीत असंच सांगितलं होतं. मग आजीनं दिलेला मटणाचा डबा एसटीत टाकून दिला." इतके दिवस आमच्यातसुद्धा ज्याचं नाव काढत नव्हती, ते परक्यांसमोर सरळ सांगितलं.

बाप हळूच म्हणाला, "खातो की माय. पण चार घरं झाली, पोरीचे क्लास परवा सुरू होतेत..."

बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग मला सांगायला काय झालं? वरून मटणाचा वास न्हाई आला तर वर कुणी राहतं का न्हाई, तेच मला कळंना झालंय!" बोलता बोलता त्या खिडकी उघडायच्या निमित्तानं वळल्या.

मित्रानं पिशवीत ठेवलेला तवा काढला आणि परत गॅसवर मांडला. "गॅस बारीक ठेवायचा," त्या मुलीला म्हणाली, "आणि मीठ घालू नको." मी बरणी तिथंच राहू दिली. जिना उतरायला लागलो तर वरून त्या मुलीचा आवाज आला, आधीपेक्षा बराच मोठा. "आबा, आईला फोन लावा. वाळवलेलं पाठव म्हणावं."