सोमवारचा वस्तरा

दत्तूमामांवर अन्याय झाला तो गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीच्या फाटकात. वेळेसकट सांगते, कारण कमिटीतली माणसं आता म्हणतात, ‘असं काही झालंच नाही.’ झालं. मी बाल्कनीत उभी होते.

दत्तूमामा न्हावी. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची टपरी होती. सोमवार हा न्हाव्यांच्या सुट्टीचा वार. बाकीचे त्या दिवशी झोपा काढायचे, नाहीतर गावाला जायचे. मामा मात्र काखेत धोकटी मारून निघायचे, ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्या घरी. धडधाकट माणूस रस्त्यात भेटून म्हणाला, “मामा, आलाच आहात तर माझीही उरका,” तर म्हणायचे, “तुला पाय हायेत ना? मग उद्या टपरीवर ये.”

माझ्या बाबांची डावी बाजू अर्धांगाने गेली, तेव्हापासून मामा आमच्याकडे यायला लागले. बाबा नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होते. सकाळची पाळी असली तरी दाढी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसत. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी दुकानातल्या रेझरने प्रयत्न केला, तर ओघळलेल्या ओठाच्या कोपऱ्यात चिरच पडली. बाबांना कळलंही नाही. उशीवर रक्त पाहून मीच रडले.

मामांनी बाबांसाठी वेगळा वस्तरा ठेवला होता, लाल दोरा बांधलेला. एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालाला लावत नसत. चामड्याच्या पट्ट्यावर तो परजताना बाबांशी गप्पा चालायच्या. पण पातं उघडून गालाशी नेलं की मामांचं तोंड बंद. “वस्तरा आन जीभ, दोन्ही एकदम उघडायच्या नाय,” म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून, “तुझं कसं व्हायचं गं?” मी फेरीवाल्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, वाटते, चौकात भाषणं करते. मामांना त्याची भारी गंमत वाटायची.

तर तो सोमवार. आदल्या आठवड्यात कमिटीने फाटकावर पाटी लावली होती: बाहेरच्या कारागिरांना व फेरीवाल्यांना प्रवेश बंद. वॉचमनने मामांची धोकटी उघडायला लावली, कात्री-वस्तरे फरशीवर मांडले. “मामा, हे हत्यार आहे. आत नाही नेता येणार.” ज्या माणसाने या कॉलनीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, त्याला सांगतात हत्यार! मी धावत खाली गेले, वॉचमनवर ओरडले. मामांनी मलाच थांबवलं. “त्याला नको बोलू. नियम त्यानं केलाय का? त्याला पोरंबाळं हायेत.”

मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, “अहो, आता ॲपवर बुक करता येतं. युनिफॉर्ममधला माणूस येतो.” बुक केलं. युनिफॉर्ममधला माणूस आला, बाबांकडे पाहून दारातूनच मागे फिरला. “पेशंटची रिस्क आम्ही घेत नाही, मॅडम.”

मग मामाच म्हणाले, “तू शिक.”

फाटकासमोर उसाच्या रसाचं दुकान आहे. त्याच्या बाकावर दर सोमवारी माझी शिकवणी सुरू झाली. आधी माझ्याच हाताची लव काढायला लावली. मग स्वतःच्या तोंडाला फेस फासून मामा बाकावर बसले, मान मागे टाकली आणि त्यांचा वस्तरा माझ्या हातात दिला.

“डाव्या हातानं कातडी ताण. आधी ताणायची, मग पातं टेकवायचं. उभं नको धरू, गालावर झोपव. केस झुकलाय तिकडंच न्यायचं, आडवं ओढलं की चिरलंच समज.”

“मामा, लागलं तर?”

“लागल. तुरटी हाय.”

लोक थांबून बघायचे. एक रिक्षावाला ओरडला, “ताई, माझा पण नंबर लावा!” मामा डोळे मिटूनच म्हणाले, “आधी आंघोळ करून ये, भाड्या.” हसताना त्यांची हनुवटी हलली आणि चीर पडली. मी घाबरून माफी मागायला लागले. “माझी चूक,” ते म्हणाले. “जीभ मी उघडली.”

गळ्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि बाबांच्या डाव्या गालाचं सांगितलं. “उजव्याला लागलं तर बाबा ‘हां’ करतील. डावा गाल वरडत नाय. जिथं कुणी वरडत नाय, तिथं हात लय हलका पायजे.” लाल दोऱ्याचा वस्तरा त्या दिवशी त्यांनी माझ्या हवाली केला.

मी बाबांची पहिली दाढी केली तेव्हा बाबांनी उजव्या हाताने गाल चाचपून पाहिला आणि अर्ध्या तोंडाने म्हणाले, “दत्तू?” मी म्हटलं, “नाही बाबा, मी.” त्यांनी पुन्हा चाचपलं.

आमचं निभावलं. पण मामांचा जीव सी विंगमध्ये अडकला होता. तिथे एक निवृत्त मास्तर अंथरुणाला खिळून होते. मुलगा परदेशी, सांभाळायला बाई. दर सोमवारी मामांचा पहिला प्रश्न, “मास्तरांची कोण करतंय?” मी करू का, असं त्या बाईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या, साहेबांची परवानगी लागते. परदेशातून उत्तर आलं नाही. मी सह्या गोळा केल्या, मामांना आत सोडा म्हणून कमिटीला अर्ज दिला. ‘पुढच्या मीटिंगला बघू.’ पावसाळ्यात मास्तर गेले. मी बाकावर येऊन सांगितलं.

“दाढी वाढलेलीच होती?”

“हो, मामा.”

मामांनी धोकटी बंद केली. मग म्हणाले, “फाटकापासून त्यांचं दार दिसतं गं.” त्या दिवशी शिकवणी झाली नाही. ते उठले आणि टपरीकडे न जाता घराकडे वळले.

दिवाळीनंतर मामांच्या छातीत दुखलं. बिटकोच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता. टपरी त्यांच्या मुलाने विकली.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये माझा अर्ज एकदाचा निघाला. सेक्रेटरी म्हणाले, “तो माणूसच आता राहिला नाही, मग विषय कशाला?” आणि सगळे चहाकडे वळले. पाटी तशीच आहे. बी विंगमध्ये आता आणखी एक आजोबा पडून आहेत.

तुमच्या फाटकावरही अशी पाटी असेल. आज खाली उतरा आणि वाचा. कुणाकुणाला आत यायला बंदी आहे आणि त्यांची वाट बघत आत कोण पडून आहे, ते शोधून काढा. मग पुढच्या सभेत उभे राहा, नियम रद्द करा म्हणा, आणि तो रद्द झाल्याशिवाय खाली बसू नका.