एका अंगणातले चार

दुपारची जेवणं आटोपली आणि शिलाई मशीनवर झाकण पडलं की मी तासभर मोबाइलवर बंदूक घेऊन फिरते. आंधळगावात ब्लाऊज शिवणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईने हे सांगताना लाजावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी लाजत नाही. कोणी दुपारी झोपतं, कोणी मालिका बघतं, मी विमानातून उडी मारते.

खेळ साधा आहे. खूप सारी माणसं छत्रीने एका बेटावर उतरतात, पडक्या घरांतून हत्यारं शोधतात आणि एकमेकांना टिपतात. भोवतीचं वर्तुळ लहान लहान होत जातं. वर्तुळाबाहेर राहिलं की मरण. एकट्याने खेळलं तर सोलो, चौघांनी मिळून खेळलं तर स्क्वॉड. शेवटी जो उरेल, किंवा ज्यांचा एक तरी माणूस उरेल, ते जिंकले.

मी फक्त सोलो खेळायचे. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यात मी एकटीने केलेली ही एवढीच गोष्ट. आमच्या अंगणात दोन घरं आहेत, एक आमचं आणि एक नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. चुली दोन, विहीर एक. धानाच्या रोवणीला जायचं तर दहा बायांसोबत, बाजारात जावेसोबत, दवाखान्यात कोणाला तरी धरून. सोलोमध्ये कोणासाठी थांबायचं नसतं. माझी पद्धत ठरलेली होती. सगळे उतरतात तिथे उतरायचं नाही. कडेच्या दोन-तीन घरांतून मिळेल ते उचलायचं आणि गवतात पडून राहायचं. लोक आपापसात मरतात. पाच-सहा उरले की उठायचं.

"आई, हे खेळणं नाही, दडून बसणं आहे," माझी मुलगी म्हणते. असेल. पण माझी रँक तिच्यापेक्षा वर आहे.

आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे जत्राच. पाहुणे येतात, दुकानं लागतात, संध्याकाळी दंडारीचं नाचगाणं असतं. अलीकडे गावातल्या पोरांनी दुपारच्या वेळेला या खेळाची स्पर्धा सुरू केली आहे. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकतात आणि लाऊडस्पीकरवर एकजण वर्णन करतो. नियम एकच, एका अंगणातले, जास्तीत जास्त चार. माझी मुलगी आणि पुतणी दोन वर्षं दोघीच भाग घेत होत्या आणि दोन्ही वर्षं सगळ्यात आधी बाहेर पडल्या होत्या. गेल्या वर्षी तर स्पीकरवरून सगळ्या गावाला ऐकू गेलं, "ताईहो, लवकर घरी जा, भात करपून राहिला."

पुतणीच्या ते जिव्हारी लागलं होतं. मंडईच्या आठ दिवस आधी ती माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"काकू, तू ये ना आमच्यात."

"मी सोलोवाली आहे. तुमच्या मागे कोण धावणार?"

"माही ही शेवटची मंडई आहे. महिन्याभरात मी पवनीची होतो. मग या अंगणातून मले खेळता येणार नाही. एकदा तरी जिंकून जाऊ दे."

तिचं लग्न पवनीला ठरलं होतं. तिच्याच लग्नाचा ब्लाऊज माझ्या हातात होता. नाही म्हणणं अवघड होतं.

"चौथा कोण? तुझा भाऊ येतो का?"

"त्याले सुट्टी नाही भेटली. चौथे बाबा."

"कोणाचे बाबा?"

"माहे बाबा. अजून कोणाचे?"

मी टाका घालायची थांबले. तिचे बाबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. ते आले की पदर घेऊन बाजूला होते. तेही घरात शिरण्याआधी दारात खाकरतात, म्हणजे तिने आत निघून जावं. निरोप असेल तर मुलांमार्फत. यात भांडण नाही की राग नाही. तेवीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना हाक काय मारायची, हेसुद्धा ठरवायची वेळ आली नव्हती.

हे गृहस्थ रानडुकरांपासून धान राखायला मचाणावर जातात आणि तिथे बसून हाच खेळ खेळतात, हे घरात फक्त पुतणीला माहीत होतं.

सराव सुरू झाला. ते त्यांच्या ओसरीत, मी माझ्या, पोरी मध्ये अंगणात, सगळ्यांच्या कानात इअरफोन. पहिल्याच डावात मी एका घरात बंदूक शोधत होते. कानात खाकरण्याचा आवाज आला आणि दारातून भासऱ्यांचा माणूस आत आला. मी मागच्या खिडकीतून उडी मारून बाहेर. बाहेर दुश्मन उभा होता. संपले.

"आई, बाहेर काहून गेली तू?" मुलगी ओरडली.

"ते आत आले ना."

"अगं, ते आपल्या टीममध्ये आहेत."

"मला माहीत आहे. पाय आपोआप गेले."

दुसऱ्या दिवशी तीच गत. शिवाय बोलणं. भासरे म्हणत, "काकूले सांग, टाकीमागे एकजण आहे." पुतणी म्हणे, "काकू, बाबा म्हणतात टाकीमागे एकजण आहे." तोवर टाकीमागच्याने मला झोपवलेलं असे. मी म्हणे, "त्यांना सांग, सांगून उपयोग नाही झाला."

माणूस खेळायचा मात्र चांगला. स्वतः पुढे जायचा. मिळालेल्या जखमेच्या पट्ट्या आणि बंदुकीच्या गोळ्या माझ्यासाठी दाराच्या उंबऱ्यावर टाकून निघून जायचा, मी मग जाऊन उचलायचे. मला सोलोची सवय, कोणी आपल्यासाठी काही ठेवून जातं याचं आधी नवल वाटलं, मग आठ दिवसांत त्याचीही सवय झाली. खिडकीतून उडी मारणं तेवढं सुटलं नाही.

मंडईच्या दिवशी अकरा अंगणं सतरंजीवर बसली. आम्ही एका रांगेत, एका टोकाला भासरे, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये दोघी पोरी. नियम असा की ज्याचा खेळ संपला त्याने फोन ठेवून दोरीच्या पलीकडे जायचं.

या वेळी आम्ही आधी बाहेर पडलो नाही. सहा अंगणं गेली, सात गेली. आठवं अंगण जाताना पुतणीला घेऊन गेलं. पाठोपाठ तिला वाचवायला धावलेली माझी मुलगीही गेली. पुतणी उठताना माझ्या कानाशी वाकून "काकू" एवढंच म्हणाली आणि दोरीपलीकडे जाऊन ओढणीचं टोक चावत उभी राहिली.

नववं अंगण वर्तुळाबाहेर अडकून संपलं. उरलो भासरे आणि मी, आणि समोर दोन भाऊ, गेल्या वर्षीचे जिंकलेले. सतरंजीवर आमच्या मध्ये दोन रिकाम्या जागा. निरोप न्यायला कोणी नाही.

मी सवयीने गवतात पडले. भासरे भिंतीमागे होते. गोळी सुटली आणि त्यांचा माणूस गुडघ्यावर आला. या खेळात तसा माणूस लगेच मरत नाही. साथीदाराने जवळ जाऊन, हात लावून काही क्षण थांबलं तर तो परत उठतो. नाही तर संपतो.

माझं सोलोचं डोकं चालू झालं. पडून राहा. ते दोघे त्यांना संपवायला पुढे येतील, तेव्हा एकाला टिप. दुसरा मला टिपणार हे उघड होतं. एकटीने दोघांना पुरं पडता येत नव्हतं.

भासऱ्यांनी मदत मागितली नाही. मागणार कशी, त्यांनाही मला हाक मारता येत नव्हती. ते कानात फक्त खाकरले.

तेवीस वर्षं त्या आवाजाचा अर्थ एकच होता, बाजूला हो. मी गवतातून उठले आणि भिंतीकडे पळाले. माझी बाई त्यांच्या माणसाजवळ गुडघे टेकून बसली, दोन्ही हात लावून. मोबाइलवर ते क्षण फार लांब वाटतात. स्पीकरवाला काहीतरी बोलत होता. मागे बसलेल्या माझ्या जावेने "अगं बाई" म्हटलेलं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"डाव्या बाजूला झाड आहे," मी म्हणाले. "दोघंही तिथेच आहेत. उठल्याबरोबर पळू नका."

मग कानात आवाज आला, "हव. मी उजवीकडून निघतो. ते माह्याकडे पाहतील. तू बस इथेच."

ते उठले आणि उजवीकडून उघड्यावर धावत सुटले. दोघे भाऊ त्यांच्यावर तुटून पडले. भासरे पडेपर्यंत मी एकाला टिपलं. दुसरा वळला, पण त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या भासऱ्यांवर खर्च झाल्या होत्या. तो भरत असताना मी त्यालाही टिपलं.

पुतणी दोरीखालून शिरून आली. बापाच्या गळ्यात पडावं की माझ्या, हे तिला सुचेना, म्हणून तिने स्पीकरवाल्याला गाठलं. "भाऊ, कोणाचा भात करपला, सांग ना आता जोरात." त्याने सांगितलं. तिने त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

भासरे उठले, धोतर झटकलं. मी पदर सारखा केला आणि बाजूला झाले. ते माझ्या मुलीकडे वळले.

"मायले सांग, नेम चांगला आहे."

"त्यांना सांग," मी म्हणाले, "धावले वेळेवर."

मुलगी मला म्हणाली, "आई, मघाशी तर बोलत होती ना तू?"

"ते खेळात," मी म्हणाले.

पुतणी आता पवनीला असते. रविवारी दुपारी तिथून ती आम्हा तिघांना बोलावते आणि आम्ही चौघं उतरतो. इअरफोन कानात असेपर्यंत मी भासऱ्यांना मागे या, वाका, पट्टी टाका, सगळं सांगते, आणि ते ऐकतात. डाव संपला की ते अंगणातून विहिरीकडे जाताना खाकरतात आणि मी आत जाते. बाकीचे सहा दिवस मी सोलोच खेळते. गवतात आता पूर्वीएवढा वेळ पडून राहवत नाही, रँक जरा खाली आली आहे.