बशीत मेलेल्या पेशी

तिला सगळे काचवाली म्हणत. कर्करोगावर संशोधन चालतं त्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं बाटल्या-नळ्या धूत आली. शिक्षण चौथी, पण काम असं चोख की सर म्हणत, "आमच्या पदव्या हिच्या हातांवर उभ्या आहेत."

एके दुपारी सरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. काल टपोऱ्या होत्या, आज मनुकांसारख्या सुरकुतलेल्या. "ई जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराने मेल्या," सर म्हणाले.

काचवालीला कधी एकदा घरी जाते असं झालं. धाकट्या जावेच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि सुरीच्या नावानेच ती अर्धी झाली होती.

"औषधाने कर्करोगाच्या पेशी मेलेल्या या डोळ्यांनी पाहिल्या गं! देवाला आहे काळजी."

"कसलं औषध म्हणालात, जाऊबाई?"

"ई जीवनसत्त्व."

"अगंबाई! ते तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं. पोरी केसांसाठी खातात."

काचवालीने सांगितलं धीर द्यायला, जावेने घेतलं भलतंच. तारीख उलटली. "आधी एवढ्या कॅप्सूल संपू देत," ती नवऱ्याला म्हणाली. काचवालीनेही हटकलं नाही, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं.

चार महिन्यांत बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा काचवालीने भीतभीत सरांना विचारलं.

सरांच्या हातातलं काम थांबलं. "बाई, दुकानातल्या कॅप्सूलमधला प्रकार वेगळा. आणि आमचा तरी माणसाला लागू पडेल की नाही, कुणाला ठाऊक? बशीत पेशी कशानेही मरतात. तुम्ही बाटल्या दहा-दहा वेळा का विसळता?"

साबणाचा कण राहिला तरी पेशी मरतात म्हणून. हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? पण साबण खाऊन कुणी बरं होत नाही, हा साधा विचार काही तिच्या डोक्यात आला नव्हता.

त्याच संध्याकाळी तिने जावेचे पाय धरले. "चूक माझी, पण चल आता."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रोग हाडांपर्यंत पोचला होता. आता गाठ कापून उपयोग नव्हता, नुसती औषधं.

ऑपरेशन नाही एवढंच ऐकून जावेने बाहेरच्या बाकावर तिचा हात घट्ट धरला. "बघा, कापायचं टळलं की नाही? तुमच्या तोंडात साखर पडो, जाऊबाई!"

काचवालीने खरं सांगायला तोंड उघडलं. पण जाऊ कितीतरी महिन्यांनी हसत होती.